वेलदोड्याची डबी आणि तीन भोकं

पुष्कर गद्रेचं काम एका वाक्यात सांगायचं तर मेलेल्या सर्किट बोर्डांचं पोस्टमॉर्टेम. जर्मनीत बॉबलिंगेनजवळ मोटारींचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. जगभरातून बिघडून परत आलेले बोर्ड तिथे याच्या टेबलावर येतात. कुठे पाणी शिरलं, कुठला सोल्डरचा डाग सुटला, कुठली चिप जळली, हे शोधायचं आणि रिपोर्ट लिहायचा. चौदा वर्षं हेच चाललंय. ऑफिसातल्या जर्मन मंडळींचं कुठे अडलं की ते म्हणतात, पुष्करला दाखवा. त्यामुळे स्वारी जरा चढलेलीच असते. घरातला टोस्टर बंद पडला तरी हा आधी दोन मिनिटं हाताची घडी घालून त्याच्याकडे नुसता बघतो, आणि बायको, स्वरूपा, मागून म्हणते, "अरे, प्लग लावलेला नाहीये."

अशा माणसाचा स्वतःचाच बोर्ड मेला, आणि तोही बायकोपासून लपवलेला, म्हणजे त्याची काय गत झाली असेल बघा.

पुष्करची सिगारेट कॉलेजपासूनची. सोडली दोनदा, धरली तीनदा. दोन्ही वेळा तो खोटं बोलताना पकडला गेला होता. एकदा जॅकेटच्या खिशातल्या लायटरमुळे आणि एकदा लेकीमुळे, अन्वीमुळे. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि बसस्टॉपवर पापा काय करतो हे तिने जेवताना शुद्ध जर्मनमध्ये सांगून टाकलं. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा स्वरूपाने भांडण केलं नाही. ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "रोज संध्याकाळी मी एकदाच विचारणार. तू खरं सांगायचंस. ओढली असलीस तर ओढली म्हण, मी काही खाणार नाहीये तुला. पण पुन्हा खोटं बोललास तर मी विचारणं सोडून देईन. सिगारेटचंच नाही, कशाचंच विचारणार नाही."

पुष्करला त्या वेळी ही शिक्षा फार हलकी वाटली होती. नवऱ्यांना काही गोष्टी उशिरा कळतात.

तेव्हापासून दीड वर्षं रोज सातच्या सुमाराला तो बूट काढत असताना स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सिगारेट?" हा म्हणायचा, "नाही." आणि ते खरं असायचं. मग या वर्षी एप्रिलमध्ये ऑफिसात एक प्रोजेक्ट बोंबललं, डोकं फिरायची वेळ आली, आणि याच्या इंजिनिअर मेंदूने पळवाट काढली. व्हेप, म्हणजे बॅटरीवर निकोटिनची वाफ करणारं ते यंत्र, काही सिगारेट नव्हे. धूर नाही, वाफ असते. राख नाही, जाळ नाही, थोटूक नाही. स्वरूपा विचारते सिगारेटबद्दल. उत्तर "नाही" हेच येतं, आणि तेही शंभर टक्के खरं. आता याला खोटं म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पुष्करने ठरवून टाकलं होतं.

विकतचं आणायची सोय नव्हती. स्वरूपा घरूनच काम करते, त्यामुळे दारात येणारं प्रत्येक पाकीट तिच्या हातात पडतं. पण सुटे भाग मागवले तर ती ढुंकूनही बघत नाही, कारण गद्र्यांच्या घरात कायम कुठल्या ना कुठल्या वायरी येतच असतात. बोर्ड आला, कॉईल आली, बॅटरी आली, वाफेची नळी आली. राहिलं फक्त खोकं. आणि इथे आपल्या माणसाने अशी चूक केली, जी जर्मन माणूस सात जन्मांत करणार नाही. त्याने स्वयंपाकघरातून वेलदोड्याची स्टीलची डबी उचलली.

डबी मोठी झकास होती. मुठीत मावेल एवढी, घट्ट झाकणाची, गंज माहीत नसलेली. वेलदोडे त्याने केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरातल्या आपल्या खोलीत, स्क्रूच्या एका डब्यात ओतले. डबीला तीन भोकं पाडली: एक नळीसाठी, एक बटणासाठी, एक चार्जिंगसाठी. तळाला आतून इन्शुलेशन टेपचे दोन थर दिले, वर बोर्ड, त्यावर बॅटरी, झाकण दाबलं की खलास. तळाला बाहेरून ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी नाव घातलेलं होतं. पण आपल्या घरांत भांड्यांवर नावं असतातच. कोणाच्या तरी लग्नाची, मुंजीची, साठीची. त्या वाट्या-ताटांतून आपण आयुष्यभर जेवतो आणि ती नावं कधी वाचत नाही.

पाच आठवडे सुखात गेले. पुष्कर अचानक फार कामसू झाला. जेवण झालं की बाटल्यांचा क्रेट खाली ठेवून यायचा, कधी सायकलला हवा भरायची, कधी केलरची खिडकी नीट लागते का बघायची. स्वरूपा वेलदोड्याची डबी शोधून शोधून दमली. "बाबांनी लग्नात दिलेली होती रे," ती दोन-तीनदा म्हणाली, आणि हा तिच्याबरोबर चक्क कपाटामागे टॉर्च मारून शोधू लागला. इतका निर्लज्जपणा यायला अंगात वेगळीच ताकद लागते.

मग एका शनिवारी डबी मेली. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. पण हात भाजायला लागला. पुष्करने झाकण उघडून आधी बॅटरी काढून लांब ठेवली, एवढी अक्कल शाबूत होती. बोर्ड बाहेर काढून टेबलावर तपासला, तर ठणठणीत. परत डबीत घातला, तर मेलेला आणि गरम. त्याने बॅटरी बदलली. मग बटण बदललं. मग करंट चालू-बंद करणारा छोटा ट्रान्झिस्टर जळला असेल म्हणून तोही बदलला. प्रत्येक वेळी तेच. टेबलावर जिवंत, डबीत मढं. डबीला टेकून शॉर्ट होत असेल हे त्याच्या मनात आलं होतं, पण टेपचे दोन थर त्याने स्वतः लावलेले, म्हणजे ती शंकाच मिटली. ऑफिसात दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर याने त्याला चारचौघांत झापलं असतं.

रविवारी सकाळी तो पुन्हा केलरमध्ये बसला होता. हातात बोर्ड, डोळ्यांवर भिंग. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात सासरे उभे राहिले.

दीनानाथ तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते. कराडला चाळीस वर्षं त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, मग दुकानही बंद केलं. बॉबलिंगेनला आल्यापासून त्यांना एकच दुःख होतं, की इथे काही बिघडत नाही, आणि बिघडलं तर लोक फेकून देतात. त्यांनी शेजारणीचं कॉफीचं मशीन दुरुस्त केलं होतं, तेही खाणाखुणांनी बोलून. त्यामुळे आता तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांची ओळख होती.

"काय चाललंय, पुष्करराव?"

पुष्करने डबी पँटच्या खिशात कोंबली. बोर्ड आणि नळी मात्र टेबलावरच राहिली. "काही नाही बाबा. ते आपलं... ह्युमिडिफायर. अन्वीच्या खोलीसाठी. हवा फार कोरडी असते ना इथे."

"जूनमध्ये?"

"म्हणजे हिवाळ्याची तयारी."

"बरोबर आहे," दीनानाथ म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. त्यांनी नळी उचलली, उजेडात धरली, मग नाकाशी नेली. "आंबा."

"फ्लेवर असतो त्यात."

"आणि ही नळी अन्वीने तोंडात धरायची?"

"छे, छे. ती नुसती... वाफ बाहेर यायला."

"हां, हां." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "कल्पना चांगली आहे. द्या बघू बोर्ड."

पुष्करने दिला. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दीनानाथांनी मीटर मागितला, बॅटरी जोडली, बटणाच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या. कॉईल फुर्र करून तापली. त्यांनी बोर्डावर थेंबभर स्पिरिट सोडलं आणि मान वाकडी करून बघत बसले. जिथे शॉर्ट असतो तिथलं स्पिरिट आधी उडतं, हे पुष्करलाही माहीत होतं. ऑफिसात त्याच कामासाठी त्याच्याकडे उष्णता टिपणारा, घराएवढ्या किमतीचा कॅमेरा होता. स्पिरिट सगळीकडून सारखंच उडालं.

"बोर्ड निर्दोष आहे," दीनानाथ म्हणाले. "बाहेर बरा असतो आणि घरात गेला की आजारी पडतो, म्हणजे दोष घरात आहे. खोकं कुठाय?"

आणि त्या क्षणी, पाच आठवड्यांत पहिल्यांदा, पुष्करला डबीच्या तळाचे ठिपके आठवले. बाबांनी लग्नात दिलेली होती रे. स्वरूपाला कळलं तर संध्याकाळचा तो एक शब्द कायमचा बंद होणार होता. आणि तो शब्द आपल्याला किती हवासा आहे, हे त्याला या घाणेरड्या केलरमध्ये सासऱ्यांसमोर कळत होतं. वेळ काही ठीक नव्हती.

"खोकं... टाकून दिलं बाबा."

"मग खिसा कशाने फुगलाय?"

पुष्करने डबी काढली. तळावर अंगठा घट्ट दाबून, तोंड वर करून, ती त्याने सासऱ्यांपुढे धरली. दीनानाथांनी ती तशीच घेतली. उलटी केलीच नाही. पुष्करच्या जिवात जरा जीव आला. म्हाताऱ्याने आत बोट घातलं आणि तळावरून हळूहळू फिरवलं. मग चिमट्याने टेप सोलून काढली आणि दिव्यासमोर धरली. टेपला बारीक बारीक टोचे पडले होते, काही कडेने काळे झालेले.

"बघा. आत पुटकुळ्या आहेत. बोट लावा."

पुष्करने बोट लावलं. तळ आतून खरखरीत होता.

"बाहेरून ठिपका मारला की पातळ पत्रा आत फुगतो. टोक येतं. तुमचं यंत्र तापलं, टेप मऊ झाली, झाकण वरून दाबतच होतं. रोज थोडं थोडं करून टोक टेपमधून आरपार गेलं आणि बोर्डाच्या पाठीला लागलं. झाला शॉर्ट. पण यंत्राने लावलेला ठिपका एवढा आत येत नाही. हा हाताने मारलाय, हातोडी आणि पोगराने. आणि मारणाऱ्याचा हात फार जड पडलाय." दीनानाथ थांबले. अजून डबी उलटी केली नव्हती. बोट आतच होतं, आणि ते आतून उमटलेल्या उलट अक्षरांवर उजवीकडून डावीकडे सरकत होतं. "स्वरूपा," ते म्हणाले. "खाली, आई-बाबा. त्याच्या खाली बारा, पाच, अकरा. लग्नाच्या आदल्या दिवशी बसलो होतो दुकानात. भांडीवाला म्हणत होता मशीनवर टाकून देतो. मी म्हटलं, या डबीवर मी घालणार. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून जोरात बसले घाव."

चौदा वर्षांत त्याने हजारभर रिपोर्ट लिहिले होते. त्यातल्या एकातही बिघाडाचं कारण असलं नव्हतं.

"तुम्ही कधी ओळखलीत?" त्याने विचारलं.

"नळी हुंगली तेव्हा यंत्र ओळखलं. डबी तुमच्या खिशातून अर्धी बाहेर आली तेव्हा डबी ओळखली. जावई आहात, म्हटलं बोलू द्यावं दोन वाक्यं. ह्युमिडिफायर छान होता." मग दीनानाथांनी खिशातून एक जुनं बसचं प्लास्टिक कार्ड काढलं, कात्रीने डबीच्या मापाचं गोल कापलं आणि तळाला बसवलं. हे सगळं करताना ते बोलत होते, मान खाली घालून, दुकानात गिऱ्हाईकाशी बोलावं तसं. "मी दुकानात बिडी ओढायचो. स्वरूपाची आई रोज विचारायची, ओढलीत का. मी म्हणायचो, छे, वास येतोय तो डागाचा, कल्हईचा, डाग देताना जळणाऱ्या रोझिनचा. पंधरा वर्षं रोझिनवर निभावलं. एक दिवस तिने विचारलंच नाही. मला आधी बरं वाटलं. आठवडाभर वाटलं. मग वाटेना. अकरा वर्षं ती माझ्याशी सगळं नीट बोलली, चहा दिला, औषध दिलं, पण पुन्हा काही विचारलं नाही. ती गेली त्या दिवशी बिडी सोडली. आता सोडली हे सांगायचं कोणाला?"

त्यांनी बोर्ड बसवला, बॅटरी ठेवली, झाकण दाबलं. "घ्या. झाली."

"बाबा, तुम्ही हे दुरुस्त कशाला केलंत?"

"बिघडलेली वस्तू हातात आली आणि मी ती तशीच परत दिली, असं कधी झालं नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा." आणि दुरुस्त केलेली वस्तू गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी चालवून बघायची, हा चाळीस वर्षांचा नियम असल्यामुळे, दीनानाथांनी नळी तोंडात धरली, बटण दाबलं आणि जोरात ओढलं.

पुढच्या क्षणी केलरमध्ये हापूसचा ढग भरला आणि ढगात म्हातारा गुदमरून खोकू लागला. पुष्कर त्यांची पाठ चोळत असतानाच जिन्यावरून अन्वीचा आवाज आला, मामा, म्हणजे आई, पापाला शोधतेय असं जर्मनमध्ये सांगणारा, आणि अन्वीच्या पुढे मामा स्वतःच येऊन दारात उभी राहिली. हातात कणकेने माखलेलं लाटणं.

स्वरूपाने ढग पाहिला. ढगात बाप पाहिला. बापाच्या हातात आपली डबी पाहिली, आणि तिच्यातून निघालेली नळी.

"बाबा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

दीनानाथांना खोकल्याने बोलता येत नव्हतं, की बोलायचं नव्हतं, कोण जाणे. त्यांनी डबी उलटी करून तळ तिच्यापुढे धरला, डबी माझीच आहे अशा अर्थाने, आणि डोळे पुसत बसून राहिले. म्हणजे मैदान मोकळं होतं. पुष्करने नुसतं गप्प राहायचं, बास. सत्तरीचा म्हातारा, परक्या देशात कंटाळलेला, काहीतरी खटपट करून बसला. स्वरूपा बापावर दोन दिवस रागावली असती, तिसऱ्या दिवशी हसली असती. पुष्करच्या मनात हा विचार आला नाही असं म्हणवत नाही. आला, आणि चांगला दोन-तीन सेकंद टिकला.

मग स्वरूपा त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

विचारत होती. अजून विचारत होती.

"डबी त्यांची आहे," पुष्कर म्हणाला. "आतलं सगळं माझं. पाच आठवडे झाले. बाबांनी आत्ता दुरुस्त करून दिली, मला सापडत नव्हता बिघाड."

स्वरूपाने डबी हातात घेतली, तीन भोकं एकेक करून पाहिली, तळावरच्या नावावरून बोट फिरवलं. पुष्करला वाटलं, झालं, संपलं. ती परत जायला वळली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली.

"आणि माझे वेलदोडे कुठेत?"

"तिथे. त्या स्क्रूच्या डब्यात. एम फोर लिहिलंय त्याच्यावर."

तिने एम फोरचा डबा काढला, उघडला, हुंगला. वेलदोड्यांना मशीन ऑइलचा वास लागला होता. "मूर्ख माणूस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ काही केल्या सरळ राहत नव्हते. "तू माझ्याबरोबर कपाटामागे टॉर्च मारून शोधत होतास."

"हो."

"अन्वी, वर चल," ती म्हणाली, आणि दोन्ही डबे घेऊन निघून गेली.

त्या संध्याकाळी सात वाजता पुष्कर मुद्दाम बूट घालून बाहेर जाऊन आला. दारात बसून त्याने एक बूट काढला. मग दुसरा काढला. स्वयंपाकघरात नळ चालू होता. सोमवारी ऑफिसातून आला तेव्हाही नळच. मंगळवारी त्याने बुटांच्या लेस सोडून पुन्हा बांधल्या आणि पुन्हा सोडल्या. दीनानाथ दिवाणखान्यात पेपर वाचत होते, आणि पेपर उलटा होता.

बुधवारी नळ बंद झाला.

"काही?" आतून आवाज आला. या वेळी सिगारेट म्हटलं नव्हतं. व्हेपही म्हटलं नव्हतं. पळवाटा सगळ्या बुजवल्या होत्या.

"दुपारी ऑफिसात एकाची मागून घेतली," पुष्कर म्हणाला. "सिगारेट. अर्धी."

आत ताट टेकल्याचा आवाज आला. "हात धुऊन ये. ताट वाढलंय."

पुष्करला रडू येतं की काय असं झालं. दिवाणखान्यात पेपर सरळ झाला.

दीनानाथ ऑगस्टमध्ये परत गेले. डबी आता देवघरात आहे. तीन भोकांत तीन उदबत्त्या बरोब्बर बसतात, ही स्वरूपाची कल्पना. पाहुणे विचारतात, कुठून आणली. ती म्हणते, यांनी ह्युमिडिफायर केला होता, आणि अन्वी कोपऱ्यात तोंडावर उशी दाबून घेते. रविवारी कराडहून फोन येतो. हवापाणी, गुडघे, अन्वीची शाळा असं सगळं बोलून झालं की शेवटी दीनानाथ फोन जावयाकडे द्यायला सांगतात आणि दर वेळी एकच प्रश्न करतात.

"स्वरूपा विचारते ना अजून?"

"रोज विचारते, बाबा."

"मग झालं तर," दीनानाथ म्हणतात, आणि फोन ठेवतात.